कायम, बदली, कंत्राटी

मुंबईच्या कापड गिरण्यांत चांगला पगार मिळे तो विणकाम खात्यात. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी बसवून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एवढ्याच कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्याचे दार बंद होते. ज्या धाग्याला त्यांचे ओठ लागतील त्याला आपले ओठ लावायला सवर्ण विणकर तयार नव्हते. दलित कामगारांच्या वाट्याला मग सूतकताईचे रिंग खाते येई, आणि तिथला कमी पगार. 1928च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकांविरुद्ध एकजुटीची हाक देणाऱ्यांनी गिरणीच्या आतली ही वाटणीही पाहावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढाऱ्यांना तो गैरसोयीचा वाटला.

त्याच गिरणीच्या दाराशी दुसरी एक वाटणी रोज सकाळी होत असे. कायम कामगार पाळी सुरू होताच आत जात. बदली कामगार बाहेर उभे राहत. आत कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी यांच्यातल्या कोणाला तरी घेतले जाई, आणि कोणाला घ्यायचे हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवी. जॉबरची मर्जी राखायची तर गाववाला असणे, नातेवाईक असणे किंवा पगारातला काही भाग त्याच्या हातावर ठेवणे, हे मार्ग होते. हा कारभार शिस्तीत आणण्यासाठी गिरणी मालक संघाने 1935 मध्ये बदली नियंत्रण योजना आणली, बदल्यांची नोंद होऊ लागली. पण बदली संपली नाही. वर्षानुवर्षे त्याच गिरणीत, त्याच साच्यावर काम करूनही माणूस बदलीच राही. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले तेव्हा त्यांच्यात या बदली कामगारांची संख्या मोठी होती.

श्रमाच्या बाजारात काही नोकऱ्या चांगल्या आणि काही वाईट का असतात, या प्रश्नाची उत्तरे अर्थशास्त्र अडीचशे वर्षे शोधत आहे. ॲडम स्मिथने 1776 मध्ये दिलेले उत्तर न्याय्य वाटणारे होते: काम जितके कष्टाचे, घाणीचे, धोक्याचे, तितकी त्याची मजुरी चढी राहील, नाही तर ते करायला कोणी येणारच नाही. जॉन स्टुअर्ट मिलने 1848 मध्ये आजूबाजूला पाहून नेमके उलटे लिहिले. सर्वांत थकवणारी आणि किळसवाणी कामे सर्वांत कमी मजुरीची असतात, कारण ती करणाऱ्यांपुढे दुसरा पर्यायच नसतो. अमेरिकेत 1971 मध्ये पीटर डोरिंजर आणि मायकेल पिओरी यांनी त्याला व्यवस्थित मांडणी दिली. बाजार एक नसून दोन आहेत, असे ते म्हणाले. पहिल्यात बढती आहे, नियम आहेत, तक्रार करायची सोय आहे. दुसऱ्यात आजचा रोज आणि उद्याची अनिश्चितता. दुसऱ्यातून पहिल्यात जाण्याची वाट केवळ कौशल्याने उघडत नाही, कारण पहिल्या बाजाराला दारे आहेत आणि त्या दारांवर माणसे उभी आहेत.

भारतात मार्क होल्मस्ट्रॉम या मानवशास्त्रज्ञाने बंगळूरच्या कारखान्यांचा अभ्यास करताना आधी संघटित नोकरीला किल्ल्याची उपमा दिली: आतला सुरक्षित, बाहेरचा उघड्यावर. काही वर्षांनी त्याने आपलेच चित्र दुरुस्त केले. आत-बाहेर अशी एक भिंत नसून एक लांब उतार आहे, असे त्याला दिसले. महाराष्ट्रातला अनुभव या दुसऱ्या चित्राच्या जवळचा आहे. उतारावर पायऱ्या अनेक आहेत आणि एकेका पायरीसाठी माणसे आयुष्यातली उमेदीची वर्षे खर्च करतात.

या उताराची व्याप्ती आकड्यांत पाहता येते. अर्जुन सेनगुप्ता आयोगाने 2004-05च्या पाहणीवरून दाखवले की देशातल्या सुमारे 46 कोटी काम करणाऱ्यांपैकी 92 टक्के असंघटित स्वरूपाच्या रोजगारात होते. म्हणजे नोकरीची हमी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणात आधार नाही. त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, 2023-24च्या श्रमबल पाहणीत, नियमित पगार मिळवणारे फक्त पाचातले एक निघाले. आणि त्या नियमित पगारदारांमध्येही, शेती सोडून, सुमारे 58 टक्क्यांकडे लेखी करारपत्र नव्हते. निम्म्याहून अधिकांना कोणतीच सामाजिक सुरक्षा नव्हती. महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो म्हणून ज्याला चांगली नोकरी म्हणावे, तीही आतून अशी पोकळ असू शकते.

कारखान्यांत हा बदल ज्या वेगाने झाला त्याची नोंद उद्योगांच्या वार्षिक पाहणीत आहे. शतकाच्या सुरुवातीला नोंदणीकृत कारखान्यांतल्या पाच कामगारांमागे एक कंत्राटी होता. आज पाचांमागे दोन आहेत. पुण्याच्या चाकण, रांजणगाव पट्ट्यात शिरले की हे आकडे माणसांच्या रूपात दिसतात. एकाच असेंब्ली लाइनवर कायम कामगार, ठेकेदाराचा कामगार, ट्रेनी आणि शिकाऊ उमेदवार शेजारी शेजारी उभे असतात. नट तोच, पाना तोच, लाइनचा वेगही तोच. पगारपत्रके मात्र वेगळी, बसची सोय वेगळी, काही ठिकाणी गणवेशाचा रंगही वेगळा.

कायदा याकडे डोळे मिटून बसला होता असे नाही. महाराष्ट्राच्या 1971च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित श्रम प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत सहावी नोंद या एकाच गोष्टीसाठी आहे. कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा ठरते. त्याच्या जोडीला कारखान्याच्या सेवाशर्ती ठरवणाऱ्या स्थायी आदेशांतली 240 दिवसांची अट. एवढे दिवस सलग भरले की कायमपणाचा दावा उभा राहतो. मालकांनी याला शोधलेला उपाय औद्योगिक वसाहतीत सगळ्यांना ठाऊक आहे: 240 भरण्याआधी ‘ब्रेक’. सात महिने काम, काही दिवस घरी, मग नवे नाव, नवा ठेकेदार, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. हक्क देणारा आकडाच हक्क नाकारण्याचे वेळापत्रक बनला.

कंत्राटी पद्धतीवरचा केंद्राचा कायदा 1970 सालचा, आणि त्याचे एक मूळ मुंबईतल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आहे. तिथल्या साफसफाईचे काम ठेकेदाराकडे होते. काम बारमाही आहे, कारखान्यासाठी आवश्यक आहे, मग ठेकेदार कशासाठी, असा प्रश्न कामगारांनी विचारला आणि सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. बारमाही आणि आवश्यक काम हीच कसोटी पुढे 1970च्या कायद्याच्या दहाव्या कलमात आली. कायद्याने एक गोष्ट मात्र लिहिली नाही: कंत्राटी पद्धत बंद झाल्यावर त्या कामगारांचे काय? 1996 मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात न्यायालय म्हणाले, त्यांना आपोआप मूळ मालकाचे कामगार मानावे. 2001 मध्ये ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात घटनापीठाने ते फिरवले. आपोआप सामावून घेणे नाही. ठेका बनावट होता हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करा. म्हणजे पुराव्याचे ओझे त्यांच्यावर, ज्यांच्या हाती ना नेमणूकपत्र असते, ना हजेरीचा कागद.

हे ओझे पेलून दाखवणाऱ्यांत मुंबईतले कचरा वाहतूक कामगार आहेत, आणि त्यांची कहाणी जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्यांवर काम करणाऱ्यांत मोठा भाग दलितांचा. अनेक जण दुष्काळी भागांतून शहरात आलेले. कायम सफाई कामगाराला पगार, रजा, दवाखाना, निवृत्तिवेतन. शेजारच्या कंत्राटी कामगाराला किमान वेतनही धड नाही. 1997च्या सुमारास त्यांची कचरा वाहतूक श्रमिक संघ ही संघटना उभी राहिली. तेव्हा कंत्राटी कायदा 20 किंवा अधिक कामगार असतील तरच लागू होई. संघटनेचा आक्षेप असा होता की तो टाळण्यासाठीच कामाचे तुकडे करून ते छोट्या संस्थांना दिले गेले. ‘हैदराबाद पॅटर्न’ या नावाने हा प्रकार ओळखला गेला. कागदोपत्री हे लोक कामगार उरलेच नाहीत. ते संस्थेचे ‘स्वयंसेवक’ ठरले आणि त्यांना मिळे ते मानधन.

दररोज सकाळी मुंबईचा कचरा उचलणारा माणूस स्वेच्छेने समाजसेवा करतो आहे, असा हा दावा. औद्योगिक न्यायाधिकरणाने ऑक्टोबर 2014 मध्ये तो फेटाळला आणि 2,700 कामगारांना कायम मानण्याचा आदेश दिला. महापालिका वरच्या न्यायालयांत गेली. 7 एप्रिल 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगारांचा हक्क मान्य केला. त्यानंतरही नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकांवरून अनेकांची पडताळणी रखडली, कारण ठेकेदाराच्या यादीत नावे जशी लिहिली गेली तशी ती ओळखपत्रांवर नव्हती. एवढे करूनही जिंकले ते 2,700 जणच, आणि ज्यांच्यासाठी कोणी लढले नाही ते अजून त्याच गाड्यांवर आहेत. या निकालाने एक गोष्ट मात्र कायमची सिद्ध केली आहे. कचरा उचलण्याचे काम बदलले नाही, घाण कमी झाली नाही, कौशल्य वाढले नाही. नोकरी वाईट होती ती हजेरीपटावर नाव नव्हते म्हणून, आणि नाव लागताच तीच नोकरी चांगली झाली.

माथाड्यांचा अनुभव याहून जुना आणि विचार करायला लावणारा. डोक्यावर, पाठीवर ओझे वाहणारा हमाल म्हणजे बाजारातला शेवटचा माणूस. आज या व्यापाऱ्याची गाडी, उद्या त्या व्यापाऱ्याची. मालक कोण हेच सांगता येत नाही, तर कायमपण मागायचे कोणाकडे? साताऱ्याकडून मुंबईत आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली. पुण्यात डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत त्याच दिशेने काम करत होती. या चळवळींच्या दबावातून 1969 मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याची रचना साधी आहे. कामगार, मालक आणि सरकार या तिघांचे मंडळ. कामगाराची नोंद मंडळाकडे, टोळीने. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक लेव्ही मंडळात भरतो. मंडळ महिन्याचा पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे आणि औषधोपचार पाहते.

या कायद्यातली खरी दूरदृष्टी अशी की त्याने सुरक्षितता एका मालकाच्या गळ्यात बांधली नाही, ती व्यवसायाला बांधली. व्यापाऱ्याला हवी ती लवचीकता राहिली, कारण गाडी नाही तर हमाल नाही. कामगाराला म्हातारपणाची सोय मिळाली. नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली इथे माथाड्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांची मुले शिकली. सुरक्षा रक्षकांसाठी 1981 मध्ये राज्याने याच धर्तीवर कायदा केला. बनावट माथाडी संघटनांनी काम न करता पैसे उकळण्याचे प्रकार झाले, आणि उद्योजकांची ती तक्रार खरी आहे; तिचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण खंडणीखोर पकडणे हे पोलिसांचे काम आहे. त्या निमित्ताने मंडळांची चौकटच सैल करण्याचे प्रयत्न होतात तेव्हा माथाडी संपावर जातात, यात नवल नाही.

मग चांगली नोकरी देण्याची जबाबदारी सर्वांत आधी ज्याची, त्या राज्यसंस्थेचे वर्तन कसे आहे? सर्वांत वेदनादायक चित्र इथेच आहे. 2000 सालापासून नव्या शिक्षकाला तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शाळेत ते मानधन कित्येक वर्षे महिना 6,000 रुपये होते. 2023 मध्ये ते 16,000 झाले. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक पीएच.डी. करून, नेट-सेट उत्तीर्ण होऊन तासांवर जगतात, उन्हाळ्याच्या सुटीत त्यांचे उत्पन्न शून्य. अंगणवाडी सेविका 1975 पासून बालविकास योजनेचा कणा आहेत आणि आशा स्वयंसेविका 2005च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून गावागावांत बाळंतपणे, लसीकरण, साथी सांभाळत आहेत. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला की अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. देशभर लाखो बायकांच्या श्रमावर चालणाऱ्या या योजनांत कामगार म्हणून मोजले जाण्यासाठीच पिढी गेली. मुलांची आणि आजाऱ्यांची काळजी घेणे हे बाईचे घरचेच काम, त्याला पगार कसला, ही समजूत सरकारच्या हिशोबवहीतही शिरलेली आहे.

6 सप्टेंबर 2023 रोजी राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोतातून पदे भरण्याचा शासन निर्णय काढला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. त्या संतापाचे कारण अर्जांच्या आकड्यांत आहे. त्याच वर्षी तलाठ्यांच्या 4,644 पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. 2024च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी सुमारे 17 लाख अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे जवळपास शंभर. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत पंचविशी ओलांडलेली मुले पाचवा, सहावा प्रयत्न करत बसतात, ती आळशी आहेत म्हणून नव्हे. कायम आणि कंत्राटी यांच्यातले अंतर इतके रुंद झाले आहे की आयुष्याची पाच वर्षे पणाला लावणे हा त्यांच्या दृष्टीने सरळ हिशोब असतो. गावात मुलगा ‘लागला’ की घराचे दिवस पालटतात, लग्न जमते, कर्ज मिळते.

हे अंतर कायम नोकऱ्यांच्या आतही शिरले आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. मार्च 2023 मध्ये राज्य कर्मचारी त्यासाठी आठवडाभर संपावर होते. त्याआधी एसटीचे कर्मचारी शासनात विलीनीकरणाची मागणी घेऊन ऑक्टोबर 2021 पासून पाच महिन्यांहून अधिक काळ झगडले. एकाच राज्याचा मंत्रालयातला कारकून आणि गावोगाव गाडी नेणारा चालक यांच्या पगारात आणि हमीत एवढा फरक का, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही.

उलट बाजूचा युक्तिवाद ऐकायला हवा. औद्योगिक विवाद कायद्याच्या पाच-ब प्रकरणानुसार शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागे. काढता येत नाही म्हणून मालक घेतच नाहीत, कायम कामगारांच्या संरक्षणाची किंमत कंत्राटी कामगार मोजतात, असे अनेक अर्थतज्ज्ञ म्हणतात. मंदीत बुडणाऱ्या लहान कारखानदारापुरते त्यात तथ्य आहे. पण महापालिका बंद पडणार नसते, शाळा आणि दवाखाने हंगामी नसतात. तिथे कंत्राटीकरण झाले ते लवचीकतेसाठी नाही, स्वस्ताईसाठी. आणि समान कामाला समान वेतन दिल्याने कोणाचीही लवचीकता जात नाही. ते तत्त्व तर केंद्राच्या 1971च्या कंत्राटी कामगार नियमांतच होते, आणि 2016 मध्ये पंजाबच्या जगजित सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही ते लागू केले. ते तेव्हापासून पाळले गेले असते तर ठेकेदाराचा निम्मा आकर्षकपणा त्याच दिवशी संपला असता.

दार कोणाला उघडते, हा प्रश्नही जुना झालेला नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाच्या अर्जाला एक-तृतीयांश. हे अर्ज पदवीधरांचे होते आणि नोकऱ्या आधुनिक कचेऱ्यांतल्या.

उताराच्या तळाशी ऊसतोड आहे. बीड जिल्ह्यातून दर हंगामात नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन निघते. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, खाडा झाला की दंड. मासिक पाळी, गरोदरपण, आजार, सगळे खाड्यात मोडते. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नोकरी किती वाईट असू शकते याचे मोजमाप यापुढे करता येत नाही. साखर कारखाना मात्र कायद्याच्या नजरेत या बायकांचा मालक नाही. मध्ये मुकादम आहे.

मोबाइलवरून काम वाटणाऱ्या कंपन्यांनी हा मुकादमही काढून टाकला. मोटारसायकलवरून जेवण पोहोचवणारा मुलगा त्यांचा नोकर नसून ‘भागीदार’ असतो. नीती आयोगाने 2022च्या अहवालात अशा कामगारांची संख्या 2020-21 मध्ये 77 लाख धरली आणि 2029-30 पर्यंत ती 2.35 कोटी होईल असा अंदाज दिला. राजस्थानने 2023 मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला, आणि त्यातली कल्पना मराठी वाचकाला ओळखीची वाटेल: त्रिपक्षीय मंडळ, कामगारांची नोंद, प्रत्येक व्यवहारावर कल्याण निधीसाठी शुल्क. माथाडी मंडळाचा विचार तिथे पोहोचला.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. कपातीच्या परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल, ही चांगली तरतूद आहे. मात्र 240 दिवसांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे ते अकराव्या महिन्याकडे लक्ष ठेवून असतील. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी आता 50 किंवा अधिक कामगार असतील तरच लागू होतात. मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यावर संहितेने बंदी घातली, पण साफसफाई, सुरक्षा, उपाहारगृह, मालाची चढउतार ही कामे मुख्य कामात मोडत नाहीत, असेही लिहिले. अपवाद फक्त ती संस्थाच त्या कामासाठी स्थापन झाली असेल तर. मुंबई महापालिकेच्या 1888च्या कायद्याने रस्त्यांची आणि गटारांची सफाई हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवलेले आहे. त्या कायद्याच्या आधारे सफाई हे पालिकेचे मुख्य कामच आहे, हे सिद्ध करण्यासाठी कामगार संघटनांना पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागेल.